धुळ्याला परत येण्याचं खरं कारण

रॉटरडॅमची पक्की नोकरी नाकारून मी धुळ्याला परत आले, ती एका माणसावर सूड उगवायला. इतक्या सरळ शब्दांत हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नातेवाइकांना मी आईचे गुडघे सांगितले. एका कॉलेजात बोलायला बोलावलं, तिथे देवनागरी अक्षरांचं प्रेम सांगितलं, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मैत्रिणींना म्हटलं, तिकडचा वारा सोसत नव्हता. वारा मला फार आवडायचा.

आम्ही जळगावजवळच्या असोद्याचे, भरिताच्या वांग्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावचे. घरची केळी. आई मात्र धुळ्याकडच्या खेड्यातली, त्यामुळे घरात दोन बोली चालायच्या आणि आईला राग आला की फक्त अहिराणी. बारावीनंतर मी धुळ्याला मामांकडे राहून कमर्शियल आर्ट शिकले आणि पाचव्या गल्लीतल्या एका जाहिरात ऑफिसात कामाला लागले. मालकाला सगळे सर म्हणायचे. दुकानाची पाटी असो की सोनाराची पिशवी, व्यापारी आधी सरांकडेच जायचे. माणूस कामाचा होता. कागद उजेडासमोर धरून त्याचा पोत कसा बघायचा, दोन अक्षरांमधली जागा डोळे बारीक करून कशी जोखायची, हे मला त्यांनीच शिकवलं. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

तिथे दुसऱ्या वर्षी पिंप्राळ्याच्या एक अक्का आल्या. जळगावातल्या आपल्या कॉलनीतल्या बारा-तेरा बायकांना घेऊन त्या बिबडी, म्हणजे खान्देशातले ज्वारीचे पापड, करून विकायच्या. त्यांना पाकीट हवं होतं. सरांनी काम माझ्याकडे सरकवलं. मी जळगावला जाऊन चार दिवस अक्कांच्या गच्चीवर बसले. बायका शिजवलेलं आंबूस पीठ ओल्या कापडावर हाताने थापायच्या, उन्हात वाळलं की कापड उलटं करून मागून पाण्याचा हबका मारायचा, मग बिबडी सुटायची. एकीचीही कड दुसरीसारखी नसायची. मी 'बिबडी' हा शब्द तसाच काढला. जाडजूड, कडेला फाटका, 'ब'चं पोट हाताने दाबल्यासारखं. साठ-सत्तर वेळा काढला असेल. पाकिटावर दुसरं काही ठेवलंच नाही, तांबूस कागद आणि ती तीन अक्षरं.

पाकीट गाजलं. पुढच्या वर्षी व्यापाऱ्यांच्या एका कार्यक्रमात त्याला बक्षीस मिळालं. मी हॉलमध्ये होते, लॅपटॉपवर चित्रं पुढे सरकवायला. सर स्टेजवर गेले, शाल घेतली, आणि माइकसमोर म्हणाले, "मी स्वतः चार दिवस त्या माउल्यांच्या गच्चीवर बसलो. उन्हात. तेव्हा हे अक्षर मला दिसलं."

मी बटण दाबायचं विसरले. त्यांनी स्टेजवरून मान वळवून पाहिलं आणि हसत म्हणाले, "पुढचं दाखव गं." मी दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले. ऑफिसात आणखी तिघं होते.

"सर, गच्चीवर मी बसले होते."

"मग?"

"अक्षरं मी काढली."

सरांनी चहाचा घोट घेतला. "तू हात आहेस. डोकं माझं. हाताला कधी बक्षीस देतात का?" मग बाकीच्यांकडे बघून म्हणाले, "असोद्याच्या माणसानं भरिताचं वांगं पारखावं, डिझाइनच्या भानगडीत पडू नये."

तिघंही हसले. त्यातल्या एकाला मी आदल्या आठवड्यात डब्यातलं भरीत दिलं होतं.

मी नोकरी सोडली. अनुभवाचं पत्र मागितलं तर सरांनी ते लगेच दिलं, लेटरहेडवर, शिक्का मारून. त्यात लिहिलं होतं की मी त्यांच्याकडे तीन वर्षं 'कॉम्प्युटर ऑपरेटर' म्हणून काम केलं.

पुण्यात प्रत्येक मुलाखतीत तो कागद पुढे आला. "पण तुम्ही तर ऑपरेटर होतात ना?" असं म्हणून एका बाईंनी माझ्या कामाची फाइल उघडलीदेखील नाही. बिबडीचं पाकीट मी दाखवलं की लोकांना ते ओळखीचं वाटायचं आणि ते सरांचं नाव घ्यायचे. शेवटी मी पाकीट दाखवणं बंद केलं. स्वतःचं सगळ्यात चांगलं काम फाइलमधून काढून ठेवलं आणि साबणाच्या वड्यांची वेष्टणं करत चार वर्षं काढली. तिथून रॉटरडॅम.

रॉटरडॅममध्ये मी टोमॅटो, मिरच्या, मशरूम यांची खोकी डिझाइन करायची. सायकलने कामाला जायचं, दुपारी कँटीनमध्ये थंड पाव खायचा. बाजारात केळ्याचे घड बघितले की त्यावरची लेबलं वाचायची, कुठल्या देशाची आहेत ते. मी बरी होते. दोन वर्षांनी त्यांनी पक्की नोकरी देऊ केली. त्याच सुमारास टोरांटोहून एक बोलावणं आलं आणि बंगळुरूहून एक. मी एका कागदावर तिन्ही शहरांची नावं लिहिली आणि प्रत्येकाखाली काय मिळेल, काय जाईल ते लिहीत बसले. आठवडाभर तो कागद टेबलावर होता. आपण कुठे राहायचं हे आपल्याला निवडता येतंय, याचंच मला अप्रूप होतं. आईला तर सासर कुठलं हेही कोणी विचारलं नव्हतं.

पक्क्या नोकरीसाठी जुन्या नोकऱ्यांची कागदपत्रं लागणार होती. मला वाटलं, आता इतकी वर्षं झाली, मागून बघू. मी सरांना नम्रपणे निरोप लिहिला, की मी डिझाइनचं काम करत होते एवढं त्या पत्रात दुरुस्त करून द्याल का.

उत्तर आवाजात आलं. मी कँटीनमध्ये फोन कानाला लावला. मागे पाचव्या गल्लीतल्या रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. सर हसत होते. "बाई, विमानात बसलीस तरी ऑपरेटर ती ऑपरेटरच. कागदात खोटं कसं लिहू मी?"

तिथल्या मॅनेजरबाईंना मी घाबरत सांगितलं की जुनं पत्र नीट नाही. त्या म्हणाल्या, "पत्राचं काय घेऊन बसलीस? तुझं काम आम्ही रोज बघतो." म्हणजे अडचण काहीच नव्हती. सही करायची आणि राहायचं.

मी तो निरोप त्या आठवड्यात कितीतरी वेळा ऐकला. मग त्या कागदावर तीन शहरांच्या खाली चौथं नाव लिहिलं, धुळे. त्याच्याखाली काय मिळेल, काय जाईल ते लिहिलं नाही.

असोद्याला घरी पोचले तेव्हा आई केळीची पानं पुसत होती. तिने माझ्या दोन्ही बॅगांकडे पाहिलं.

"बठ्ठं सोडीसन उनी? काब्र?"

"सगळं सोडून आले. धुळ्यात ऑफिस काढते."

"धुळामां? तठे काय शे तुनं?"

मी बॅगा आत नेल्या. पण आईपासून काय लपणार? महिनाभरात तिला कळलं की मी पाचव्या गल्लीतच खोली घेतली, सरांच्या ऑफिसच्या अगदी समोर, पहिल्या मजल्यावर. तेव्हा ती फोनवर म्हणाली, "त्या माणूसना समोर बसाकरता इतली दूर गयी व्हती का तू?"

मी टेबल खिडकीला लावलं. सरांच्या दारात कोण चढतंय, कोण उतरतंय, सगळं दिसायचं. पहिले सहा महिने मी फक्त एवढंच केलं, की त्यांच्याकडून नाराज होऊन उतरणारा माणूस हेरायचा आणि दोन दिवसांनी त्याच्या दुकानात जायचं. तुपाचा व्यापारी आला, शाळेच्या दप्तरांचा कारखानदार आला. प्रत्येक गिऱ्हाईक तुटलं की मला जेवण गोड लागायचं. सर रस्त्यात भेटले तर मी वाकून नमस्कार करायची, "सर, बरे आहात ना?" म्हणायची. त्यांचा चेहरा बघायला मी मुद्दाम त्यांच्या चहाच्या वेळेला खाली उतरायची.

फक्त पिंप्राळ्याच्या अक्का त्यांच्याकडेच जात राहिल्या. ते पाकीट अजून माझ्याच अक्षरांनी विकलं जात होतं आणि सरांच्या भिंतीवर फ्रेममध्ये टांगलेलं होतं. माझ्या खिडकीतून ती फ्रेम दिसायची.

आमच्या दोघांचीही छपाई एकाच प्रेसमध्ये व्हायची. प्रेसवाले नाना साठीचे, स्वच्छ कामाचे, डोळ्यांनी मात्र थकलेले. एके दिवशी मी माझे नमुने न्यायला गेले तर त्यांच्या टेबलावर मोठ्या खोक्याचा नमुना पसरलेला होता. अक्कांच्या बिबडीची मोठी ऑर्डर पुण्याच्या प्रदर्शनाला जाणार होती, त्याची खोकी. काम सरांचं.

"ताई, जरा बघता का? मला बारीक अक्षर दिसत नाही आता," नाना म्हणाले.

मी बघितलं. पुढून ठीक होतं. मागे लाल अक्षरांत एक ओळ होती. 'यात भेसळ, रंग, सोडा' आणि पुढे काही नाही. तिथे 'नाही' हा शब्द असायला हवा होता. काय झालं असणार ते मला लगेच समजलं. सरांनी शेवटच्या घटकेला अक्षर मोठं केलं असणार. चौकटीत मावलं नाही की शेवटचा शब्द गुपचूप गायब होतो, आणि बघणाऱ्याला ते पटकन कळतही नाही, कारण डोकं तो शब्द आपोआप भरून घेतं.

एक शब्द बोलायचा होता. प्रेसमध्ये यंत्राचा आवाज चालू होता. नाना माझ्या तोंडाकडे बघत होते.

"सरांनी पाहिलंच असेल की," मी म्हणाले.

"मग लावू ना?"

"लावा."

जिना उतरताना माझे पाय हलके झाले होते, हे मी खोटं सांगणार नाही. ती खोकी अक्कांची आहेत, त्या बायकांची आहेत, हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. पण त्या घडीला मला फक्त भिंतीवरची फ्रेम दिसत होती.

खोकी पुण्याला गेली. प्रदर्शनात कुणीतरी मागची ओळ वाचली, फोटो काढला आणि तो सगळीकडे फिरला. 'खान्देशचा प्रामाणिक माल' असं त्यावर कुणीतरी लिहिलं होतं. अक्कांच्या बायका स्टॉलवर उभ्या होत्या आणि लोक समोर येऊन विचारत होते, "भेसळ किती घालता?" एक बाई तिसऱ्या दिवशी रडत घरी निघून आली. उरलेला माल आणि न वापरलेली, घडी केलेली खोकी पिंप्राळ्याला परत आली.

आठवड्याने अक्का माझ्या ऑफिसात आल्या. पदराने घाम पुसत बसल्या आणि बिघडलेलं खोकं टेबलावर ठेवलं.

"त्या माणसानं आमचं नाक कापलं," त्या म्हणाल्या. "आता तूच कर नवीन. पहिलंही तूच केलं होतंस."

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे काय? आमच्या गच्चीवर चार दिवस कोण बसलं होतं, मला दिसत नव्हतं? त्या कार्यक्रमात मीही होते, मागच्या रांगेत."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तू बोलशील."

मी खोकं उचलून टेबलाखाली ठेवलं. पण अक्का गेल्यावर मी खिडकीत उभी राहून समोर बघत राहिले आणि एकटीच हसले. सगळं माझ्या हातात आलं होतं. काम आलं होतं, आणि सरांचं नाव बाजारात मातीत गेलं होतं. ज्या चहावाल्याला ते वाट बघायला लावायचे, तो आता त्यांना वाट बघायला लावत होता. मी ते दोन दिवस सणासारखे घालवले.

तिसऱ्या दिवशी प्रेसमध्ये गेले तर यंत्र बंद होतं. सरांनी सगळ्यांना सांगितलं होतं की फाइल बरोबर होती, प्रेसवाल्या म्हाताऱ्यानेच घोटाळा केला. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी काम काढून नेलं होतं. नाना खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. मला वाटलं, आता हे मला काहीबाही बोलतील. ते हळूच एवढंच म्हणाले, "ताई, तुम्ही तर पाहिलं होतं."

"हो."

"मी कुणाला सांगितलं नाही."

त्यांनी मला दोष दिला असता तर मी भांडले असते. मी तशीच बसस्टँडवर गेले आणि जळगावची गाडी पकडली. पारोळा, एरंडोल, सगळा रस्ता मी स्वतःशी वाद घालत होते, की सरांनी माझं चोरलं त्याचं काय. वाद मीच जिंकत होते, तरी गाडीतून उतरावंसं वाटत होतं.

पिंप्राळ्याला अक्का आणि चार-पाच बायका गच्चीवर लसूण सोलत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. सरांची फाइलच तशी होती, नानांचा काही दोष नाही, आणि खोकी छापायच्या आधी मी ती ओळ वाचली होती.

"वाचली होती आणि?" अक्कांनी विचारलं.

"गप्प बसले."

बायकांचे हात थांबले. स्टॉलवरून रडत आलेली बाई त्यांच्यात होती. ती उठून खाली गेली.

अक्कांनी हातातला लसूण ताटात टाकला. मग म्हणाल्या, "त्यानं तुझं चोरलं. आम्ही काय चोरलं होतं तुझं?"

त्यांनी नवीन खोक्याचं काम माझ्याकडून काढून घेतलं. कोपऱ्यात घडी केलेल्या खोक्यांचे ढीग होते, माझ्या छातीपर्यंत. अक्कांनी तिकडे बोट दाखवलं. "ही फेकून द्यायची आमची ऐपत नाही. यांचं काय करायचं ते सांग."

मग मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान डिझाइन केलं. एकच शब्द, 'नाही'. खोक्यावरच्या अक्षराला जुळेल असा, लाल, बोटभर लांबीचा. नानांनी त्याची स्टिकरं छापून दिली. आणि मी नऊ दिवस त्या गच्चीवर, ताडपत्रीच्या सावलीत बसून एकेका खोक्यावर तो शब्द चिकटवत राहिले. पहिले दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. पाण्याचा तांब्या मात्र समोर येऊन बसायचा. तिसऱ्या दिवशी एकीने बाजूला बसून अर्धा ढीग आपल्याकडे ओढला. स्टॉलवरची बाई शेवटपर्यंत आली नाही. नानांचं नाव साफ करायला मी त्यांच्या दोन्ही गिऱ्हाइकांकडे सरांनी प्रेसला दिलेली मूळ फाइल घेऊन गेले आणि खरं काय ते सांगितलं. एकजण परत आला.

या सगळ्यात सरांची पत उरली नाही. चूक त्यांच्याच फाइलमध्ये होती हे आता सगळ्या गल्लीला कळलं होतं. एका दुपारी ते माझा जिना चढून आले. धापा टाकत होते. मी खुर्ची दाखवली, ते बसले नाहीत.

"काय पाहिजे तुला?" त्यांनी विचारलं.

"बिबडीची अक्षरं कुणाची?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले, आपल्याच ऑफिसकडे. "तुझी. तेव्हाही ठाऊक होतं मला."

"मग हेच स्टेजवर सांगा."

"आता मला स्टेजवर कोण बोलावतंय?"

त्या वाक्याने मला बरं वाटलं. अजूनही आठवलं की बरं वाटतं, आणि मी ते कुणापाशी माफीच्या भाषेत गुंडाळणार नाही. नानांशी आणि त्या बायकांशी मी वाईट वागले. सरांशी जे वागले ते पुन्हा वागेन, फक्त या वेळी मध्ये दुसरं कुणी येणार नाही एवढं बघेन. ते निघाले तेव्हा मी दारापर्यंत गेले नाही. जिन्यावर त्यांचा पाय अडखळल्याचा आवाज आला, तरी उठले नाही.

दोन महिन्यांनी त्यांची पाटी उतरली. तिथे चष्म्यांचं दुकान आलं. मी सवयीने खिडकीत बसायची आणि चष्मे घालून आरशात बघणारी माणसं दिसायची. त्यांच्यावर रागावता येत नव्हतं. काम करायला बसलं की हात चालत नव्हता. इतकी वर्षं समोर कोणीतरी होतं म्हणून सकाळी मी लवकर उठायची, हे तेव्हा ध्यानात आलं.

रॉटरडॅमच्या मॅनेजरबाईंचं पत्र आलं होतं, जागा अजून आहे म्हणून. मी पुन्हा कागद घेतला. या वेळी शहरांची नावं लिहिली, पण पुढे सरकता येईना. जायचं तर आता कुणापासून पळून नाही, राहायचं तर कुणाला दाखवायला नाही. अशी निवड मी कधी केलीच नव्हती. शेवटी धुळ्याची खोली सोडली आणि पिंप्राळ्यात एका कॉलनीत तळमजल्याची जागा घेतली, पिठाच्या गिरणीशेजारी. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आते कोणना समोर?" मी म्हटलं, "गिरणीच्या." ती हसली नाही, पण पुढच्या रविवारी बाबांच्या मोटारसायकलवर मागे बसून जागा बघायला आली आणि गिरणीत अर्धी पायली ज्वारी दळून घेऊन गेली.

यंदा उन्हाळ्यात अक्कांनी मला निरोप धाडला. लसूण-तिळाची नवी बिबडी आहे, छोटं पाकीट करायचंय. एक अट होती. छपाईला जाण्याआधी सगळा मजकूर गच्चीवर, सगळ्या बायकांसमोर, मोठ्याने वाचायचा.

मी नमुना घेऊन गेले. बायका कापडांवर बिबड्या थापत होत्या, मी उभी राहून एकेक शब्द वाचत होते, पत्त्यापर्यंत. स्टॉलवरची बाई पुढे आली. ओले हात लांब धरून, मान वाकडी करून तिने कागद बघितला.

"जळगावचा 'ळ' बघ," ती म्हणाली. "डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहिल्यासारखा आहे. आमच्या सासूबाईला वाचता येणार नाही."

मी बघितलं. तिचं बरोबर होतं. मी कागद गुंडाळला, भर उन्हात स्कूटर काढली आणि तो 'ळ' नीट करायला घरी गेले.